ट्रायथलॉन रिलेतला सायकलचा टप्पा : जुनी टीटी सायकल घ्यावी की रोडबाईकलाच एरोबार लावावेत?

तिसरा_गडी

आमचा तिघांचा रिले संघ आहे. अंतर हाफचे (हाफ आयर्नमॅनचे) : १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणे. सायकलचा टप्पा माझ्याकडे. मार्ग बराचसा सपाट, मध्ये दोन छोटे चढ आणि चार यू-टर्न. ड्राफ्टिंगला (पुढच्या सायकलीच्या आडोशाने चालवण्याला) परवानगी नाही.

सध्याची सायकल अॅल्युमिनियमची रोडबाईक आहे. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला पकडणारे), मागे ११ गिअर, गोल हँडलबार. संघ दोन-तीन हंगाम टिकेल असे धरून जुनी टीटी (टाइम ट्रायल, पुढे वाकून एकट्याने वेगात चालवायची) सायकल बघतो आहे. ती घ्यायची तर रोडबाईक विकावी लागेल. तीन गोष्टी विचारायच्या आहेत :

१. रिलेसाठी टीटी सायकल घेण्यात खरेच अर्थ आहे का?
२. जुनी कार्बन सायकल घेताना काय काय तपासायचे?
३. बदलीच्या जागी (एका गड्याकडून दुसऱ्याकडे शर्यत जाते तिथे) सायकलस्वाराने नेमके काय करायचे असते? नियमात काय चुकते?

वारा_समोरून

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

सपाट रस्त्यावर ताशी ३५ च्या पुढे गेलात की खर्च होणाऱ्या ताकदीतला मोठा वाटा हवा कापण्यात जातो. आणि हवेला आडवे येते ते मुख्यतः तुमचे अंग, फ्रेम नव्हे. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ३५ वरून ३८ वर जायचे तर हवेपुरतीच सुमारे २८ टक्के जास्त ताकद हवी. टीटी सायकल तुम्हाला ज्या बैठकीत बसवते त्या बैठकीतच तिचा फायदा आहे. ती बैठक ९० किमी टिकली नाही, दर पाच मिनिटांनी कोपरे उचलून बसावे लागले, तर महागडी फ्रेम असून काही उपयोग नाही.

रिलेत एक मोठा फरक पडतो. सायकलनंतर तुम्हाला धावायचे नाही. एकट्याने पूर्ण हाफ करणारा माणूस ९० किमी साधारण आपल्या एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणारी जास्तीत जास्त ताकद) ७५ ते ८० टक्क्यांवर चालवतो, कारण पुढच्या २१ किमीसाठी पाय राखायचे असतात. रिलेतला तयारीचा सायकलस्वार ८५ टक्क्यांच्या आसपास धरू शकतो. जोर जास्त म्हणजे श्वासही जास्त. खूप खाली वाकून मांडी पोटाला टेकत असेल तर तो जोर निघतच नाही. म्हणून रिलेसाठी कोपराखालचे पॅड थोडे उंच ठेवलेले परवडतात. खांदे आत, डोके खाली हे जमले की पॅडच्या एक-दोन सेंटिमीटरची भरपाई होऊन जाते.

आता रोडबाईकवर एरोबार (कोपरे टेकवून पुढे वाकून धरायचे दांडे). नुसते बार बसवून भागत नाही. रोडबाईकचा सीटट्यूबचा (सीटखालच्या फ्रेमच्या नळीचा) कोन ७२ ते ७४ अंशांचा, टीटीवर बैठक ७६ ते ८० अंशांवर येते. बार लावून सीट जागच्या जागी ठेवली तर कंबरेतला कोन मिटतो आणि पेडल वर येताना मांडी अडते. त्यामुळे सीट पुढे सरकवा, ती पुढे आली की थोडी वर घ्या, आणि हात लांब पडत असतील तर स्टेम (हँडल धरणारा आडवा भाग) आखूड करा. सीटपोस्ट (सीटची दांडी) मागे वाकलेला असेल तर सरळ सीटपोस्ट घाला. सीटचे नाक आखूड किंवा मधून फाकलेले असले तर पुढे सरकून बसणे सुसह्य होते. क्रँक (पेडलचा दांडा) १७२.५ मिमीची असेल तर १६५ मिमीच्या क्रँकने कंबरेतला कोन आणखी मोकळा होतो.

तुमचा हँडलबार गोल आहे हे चांगले. बहुतेक एरोबार ३१.८ मिमी जाडीच्या गोल भागावर बसतात. चपट्या हँडलबारवर आणि स्टेमसकट एकसंध हँडलवर ते बसत नाहीत किंवा बनवणाऱ्याची परवानगी नसते.

माझे मत : पहिला हंगाम आहे त्याच सायकलवर एरोबार लावून खेळा. त्याबरोबर अंगाला घट्ट बसणारे कपडे, एरो हेल्मेट, चांगले टायर आणि लेटेक्स ट्यूब. टीटी सायकल घ्यायची ती मापाची मिळाली तरच. स्वस्त मिळते म्हणून एक साइज मोठी घेतली तर ती कधीच अंगाला बसत नाही.

स्पोक_बत्तीस

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे. सायकल बघायला जाण्याआधीच निम्मे काम होते, तिथून सुरू करतो.

विकणाऱ्याला 'साइज काय' एवढेच विचारू नका. एकाच्या ५४ मध्ये आणि दुसऱ्याच्या ५४ मध्ये बरेच अंतर असते. स्टॅक आणि रीच विचारा. स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस बसतो ती जागा) मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमची सर्वात पुढची नळी) माथ्यापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर. टीटी सायकलला त्याहून महत्त्वाचे माप म्हणजे पॅडची उंची आणि पॅडचे आडवे अंतर, तेही बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून. पॅड सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर कुठे येतात, दोन्ही मापे मागा. तुमची आजची सीटची उंची त्या सीटपोस्टवर मिळते का तेही बघा. सीटपोस्ट कापलेला असू शकतो. फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची) दांडी कापलेली असेल तर ती परत वाढत नाही, हे तर नक्की विचारायचेच.

मूळ बिल आणि बॉटम ब्रॅकेटखालच्या सीरियल नंबरचा फोटो आधीच घ्या. बिलावर नंबर असेल तर तो जुळला पाहिजे. फ्रेमची आजीवन हमी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात. तेव्हा 'वॉरंटी आहे' याला जुन्या सायकलीच्या किमतीत फारसे वजन देऊ नका.

सायकल समोर आली की ती आधी धुवून-पुसून घ्यायला सांगा. मळाखाली तडा दिसत नाही. मग सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा. सीटच्या पकडीजवळ, विशेषतः पकडीच्या फटीच्या टोकापाशी, बारीक तडे जातात, कारण तिथे लोक टॉर्क पाना न वापरता आवळतात. कार्बन सीटपोस्टचा बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा भागावरच छापलेला असतो. सीटपोस्ट निघतच नसेल तर सौदा तिथेच थांबवा. कार्बनमध्ये अडकलेला सीटपोस्ट काढताना फ्रेम जाऊ शकते.

त्यानंतर फोर्क. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) खट् जाणवते का पाहा. मग स्टेम सैल करून वर काढा आणि स्टेमच्या पकडीखाली फोर्कच्या दांडीवर दाबल्याची खूण, आडवी रेघ किंवा पांढरट पट्टा आहे का ते बघा. हे काम बरेच जण टाळतात, पण फ्रेमला तडा गेला तर बहुधा आधी आवाज येतो, फोर्कची दांडी तुटली तर हँडल हातात येते.

फ्रेमवरच्या शंकास्पद जागी नाण्याने टिचक्या मारा. निरोगी कार्बनचा आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. नळीची जाडी बदलते तिथे आवाजही बदलतो, म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूची तीच जागा वाजवून तुलना करा. रंगाचा नुसता ओरखडा नखाला लागत नाही. नख अडकले तर तिथे प्रश्न आहे. मागचा डिरेल्युर हँगर (गिअर बदलणारा डिरेल्युर टांगतात ती पट्टी), पेडलचे टोक, ब्रेक लिव्हरची कड आणि सीटची बाजू या चार ठिकाणी एकाच बाजूला खरचटलेले असेल तर सायकल त्या बाजूवर जोरात पडलेली आहे.

टीटी सायकलीची खास तपासणी म्हणजे घाम. ती वर्षातले बरेच महिने घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी चालवायच्या यंत्रावर) असते आणि एरो बैठकीत घाम थेट हेडसेटवर आणि एरोबारच्या बोल्टवर टपकतो. बोल्टच्या डोक्यात गंज, पॅडखाली पांढरी बुकटी, अॅल्युमिनियमच्या बेसबारवर (एरोबारखालच्या मुख्य हँडलवर) टेपखाली फोड : ही लक्षणे बघा. बेसबारवरची टेप थोडी उलगडून दाखवायला सांगा. अॅल्युमिनियमचा बार टेपखाली कुजलेला असू शकतो. हँडल हवेत उचलून हलके फिरवा. मध्यावर आल्यावर अडखळत असेल तर हेडसेटचे बेअरिंग गेले. केबल किंवा ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून जात असतील तर ते बेअरिंग बदलायला नळ्या सोडाव्या लागतात आणि हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा पुन्हा काढावी लागते. तो खर्च बेअरिंगच्या किमतीच्या कितीतरी पट.

झिजणारे भाग सोपे आहेत. चेन मोजायला साधी स्टीलची पट्टी पुरते. १२ पूर्ण जोड नवे असताना ३०४.८ मिमी भरतात. ३०६.३ मिमी भरले म्हणजे अर्धा टक्का वाढ, ११ आणि १२ गिअरची चेन तिथे बदलतात. ३०७ च्या पुढे गेली असेल तर नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चकत्यांवर) उडणार, म्हणजे कॅसेटही धरा. शिमानोची डिस्क नवी १.८ मिमी, १.५ ला बाद. रिम ब्रेक असेल तर रिमच्या बाजूवर सरळ पट्टी आडवी धरा. मध्ये खोलगट फट दिसली तर रिम संपत आली आहे. टायर, टेप, केबल, पॅड या सगळ्याची यादी करून नव्याचा खर्च मांडा आणि तो आकडा सांगितलेल्या किमतीतून वजा करून बोलणी सुरू करा. विकणाराही अशा यादीवर वाद घालत नाही, कारण वस्तू समोर मोजलेली असते.

तिसरा_गडी

फार उपयोगी. वरची यादी घेऊन एक जाहिरात तपासतो आहे. कार्बन टीटी फ्रेम, २०१७ ची. डीआय२ (शिमानोचे विजेवरचे गिअर), ११ गिअर, अल्टेग्रा एफसी-आर८००० क्रँक. रिम ब्रेक, मागचा ब्रेक बॉटम ब्रॅकेटच्या खाली दडवलेला. सोबत खोल रिमची ट्युब्युलर चाके. स्टॅक-रीच मला जुळते आहे. विकणारा म्हणतो फक्त ट्रेनरवर चाललेली आहे. काय धोके?

स्पोक_बत्तीस

चार धोके दिसतात.

क्रँक पहिला. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन भाग चिकटवून बनवलेल्या ११ गिअरच्या रोड क्रँकसाठी तपासणी आणि बदलीची मोहीम जाहीर केली. त्यात अल्टेग्रा एफसी-६८०० आणि एफसी-आर८०००, ड्युरा-एस एफसी-९०००, एफसी-आर९१०० आणि एफसी-आर९१००-पी आहेत, जुलै २०१९ च्या आधी बनलेले. चिकटवलेला सांधा सुटून क्रँक उकलते. क्रँकच्या आतल्या बाजूला दोन अक्षरांचा उत्पादन संकेत असतो, त्याचा फोटो मागवा. आधी तपासणी झाली असेल किंवा क्रँक बदलून मिळाली असेल तर कागद मागा. झाली नसेल तर घेण्यापूर्वी विकणाऱ्यानेच ती करून घ्यावी. स्वतः बघताना चेनरिंगच्या बाजूची क्रँक स्वच्छ पुसून आतल्या बाजूचा सांध्याचा रेषाभाग प्रकाशात धरा. फट, उचललेली कड किंवा पेडल मारताना करकर आली तर ती क्रँक चालवू नका.

दुसरा धोका मागचा ब्रेक. खाली दडवलेल्या ब्रेकवर पाणी, माती आणि बाटलीतले गोड पेय साचते, स्प्रिंग जाम होते आणि एक पॅड रिमला घासत राहतो. चाक उचलून फिरवा, ब्रेक दहा वेळा दाबून सोडा, दोन्ही बाजू सारख्या परततात का बघा. शिवाय अशा ब्रेकची उघडझाप कमी असते. आजची रुंद रिम त्यात बसतेच असे नाही, टायरही २५ मिमीच्या पुढे जाईलच असे नाही.

तिसरा ट्युब्युलर. टायर रिमला डिंकाने चिकटवलेला असतो आणि पंक्चर झाल्यावर अख्खा टायर बदलावा लागतो. वर्षानुवर्षे ट्रेनरवर उभ्या राहिलेल्या सायकलीचा डिंक सुकलेला असतो. हवा काढून अंगठ्याने टायर बाजूला ढकला, कड सुटली तर पुन्हा चिकटवणे आले. रिलेत तुमच्या पंक्चरने तिघांची शर्यत थांबते, त्यामुळे ट्यूब घालता येणारी क्लिंचर चाकेच घ्या आणि ट्युब्युलरची किंमत सौद्यात शून्य धरा.

चौथा 'फक्त ट्रेनरवर'. हा गुण नव्हे. घामाची तपासणी आणखी काळजीने करा. मागचा अॅक्सल ट्रेनरमध्ये आवळतात तिथे फ्रेमचे ड्रॉपआउट (अॅक्सल बसायच्या खाचा) चेपलेले नाहीत ना, तेही पाहा. डीआय२ ची बॅटरी पूर्ण चार्ज करून दाखवायला सांगा. बॅटरी उतरत गेली की आधी पुढचा डिरेल्युर बंद पडतो, मग मागचा. टीटी सायकलीत गिअरची बटणे एरोबारच्या टोकाला आणि ब्रेक लिव्हरवर, अशी दोन्हीकडे असतात. सगळी बटणे वेगवेगळी दाबून बघा.

संथलाट

तिसऱ्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही म्हणून.

रिलेत हातात काही द्यायचे नसते. टाइमिंग चिप हीच बॅटन. ती पट्ट्याने घोट्याला बांधतात, आणि डाव्या घोट्याला, म्हणजे उजवीकडच्या चेनमध्ये अडकत नाही. पोहणारा पाण्यातून येतो तेव्हा त्याची बोटे सुन्न आणि ओली असतात, त्याला वेल्क्रो सुटत नाही. त्याने येऊन नुसते उभे राहायचे आणि सायकलस्वाराने खाली बसून चिप काढून स्वतःच्या घोट्याला बांधायची. हे दोघांनी आधी सरावाने बसवा, वेटसूट घालून. वेटसूटचा पाय चिपवर ओढलेला असेल तर आधी तो वर सारावा लागतो.

कुठे उभे राहायचे हे स्पर्धेवर अवलंबून असते. काही ठिकाणी स्टँडपाशी, काही ठिकाणी वेगळा आखलेला चौकोन. ब्रीफिंगमध्ये (शर्यतीआधीच्या सूचनांच्या बैठकीत) हे विचारून घ्या. चिप मिळेपर्यंत सायकल स्टँडवरच असली पाहिजे. हेल्मेट आधीच घालून बक्कल लावून उभे राहता येते, आणि सायकल स्टँडवरून काढण्याआधी बक्कल लागलेले असणे बंधनकारक आहे. परतताना उलट क्रम : उतरण्याच्या रेषेआधी उतरा, सायकल स्टँडला लावा, मगच बक्कलला हात, मग चिप. दमलेला माणूस स्टँडपाशी पोचण्याआधी सवयीने बक्कल काढतो आणि दंड बसतो.

रिलेतल्या सायकलस्वाराचा सर्वात मोठा तोटा वॉर्म-अपचा. बदलीची जागा शर्यत सुरू होण्याआधी बंद होते आणि सायकल आत अडकते. पोहणाऱ्याला १.९ किमीला ३५ ते ५० मिनिटे लागणार, तोवर पाय थंड. वेळेचा अंदाज घेऊन १५ मिनिटे आधी हलके धावणे, स्क्वॉट, जागच्या जागी पाय उचलणे सुरू करा. तरीही पहिली १० मिनिटे लक्ष्याहून थोडे खालीच चालवा. ताज्या पायांना सुरुवातीला सगळेच हलके वाटते आणि शेवटच्या ३० किमीत त्याची वसुली होते.

सायकल उन्हात उभी राहणार असेल तर हवा भरताना त्याचा विचार करा. तापमान १० अंशांनी चढले की ९० पीएसआयच्या टायरमध्ये ३ ते ४ पीएसआय वाढतात. उलट लेटेक्स ट्यूब रात्रभरात बरीच हवा सोडते, ती सकाळीच भरायची. सायकल लावताना चेन कॅसेटच्या मध्यावर ठेवा, म्हणजे पहिले पेडल जड पडत नाही. सीटमागे बाटल्या असतील तर स्टँडच्या दांडीत त्या अडकत नाहीत ना, आदल्या दिवशीच लावून बघा. हँडलबारची दोन्ही टोके बुचांनी बंद हवीत, उघडी दिसली तर तपासणीत अडवतात.

ड्राफ्टिंगचे अंतर (पुढच्या सायकलीमागे राखायचा झोन) लांब शर्यतीत बहुधा १२ मीटर आणि ओलांडायला २५ सेकंद, पण तुमच्या स्पर्धेचे नियमपुस्तक प्रमाण. तुम्हाला कोणी ओलांडले की मागे सरकण्याची जबाबदारी तुमची. एकट्याने खेळणाऱ्यांना तुम्ही सतत ओलांडत जाणार, म्हणून एकेकाला रेंगाळत न ओलांडता झोन ओलांडून पूर्ण पुढे जा.

फ्रीहब

रोडबाईक विकायची ठरलीच तर थोडेसे. एरोबार, पॉवर पेडल (ताकद मोजणारी), चांगली चाके सायकलीसोबत देऊ नका. सुटी विकली तर जास्त येतात. सायकलीला मूळ चाके आणि साधी पेडल लावा. डावे पेडल उलट आट्यांचे असते. दोन्ही पेडल सायकलच्या मागच्या बाजूला फिरवली की सुटतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

फोटो चेनच्या बाजूने, चेन मोठ्या चेनरिंगवर, पार्श्वभूमी मोकळी. त्याशिवाय सीरियल नंबर, ब्रेकची रिम, कॅसेटचे दात आणि प्रत्येक ओरखडा जवळून. चेनवर पट्टी ठेवून काढलेला फोटो टाका, अर्धे प्रश्न येतच नाहीत. सीटची उंची, स्टॅक, रीच, स्टेमची लांबी, क्रँकची लांबी, फोर्कच्या दांडीवर किती स्पेसर आहेत हे लिहा. चेन संपली असेल तर बदलून विका.

पाठवताना मागचा डिरेल्युर हँगरवरून सोडून फोममध्ये गुंडाळून चेनस्टेच्या (चेनलगतच्या फ्रेमच्या नळीच्या) आत बांधा, फोर्कच्या टोकांमध्ये प्लास्टिकचा अडसर घाला. सीटपोस्ट काढण्याआधी त्यावर टेपने खूण करा.

तिसरा_गडी

टीटीचा विचार सोडला. विकणारा क्रँक तपासून द्यायला तयार नाही. रोडबाईक ठेवतो, एरोबार लावतो आणि जुनी ५० मिमी खोल कार्बन क्लिंचर चाके बघतो, रिम ब्रेकची. त्यात काय बघायचे?

स्पोक_बत्तीस

ठीक ठरवलेत. ब्रेकच्या पट्ट्यावरून बोट पूर्ण फिरवा. फुगवटा किंवा लाट लागली तर रिम उतारावर तापून सुटलेली आहे, ती घेऊ नका. चाक फिरवून ब्रेक हलका धरा, एकाच जागी पकड बसत असेल तर तेच कारण. स्पोकच्या भोकांभोवती केसासारखे तडे आहेत का बघा. दोन-दोन स्पोक एकत्र दाबून ताण सारखा आहे का पाहा, पण एकाच बाजूच्या स्पोकची आपसात तुलना करा, मागच्या चाकात दोन बाजूंचा ताण मुळातच वेगळा असतो.

फ्रीहब (मागच्या चाकाचा कॅसेट बसतो तो भाग) ११ गिअरचा आहे ना ते विचारा. १० गिअरच्या जुन्या हबवर तुमची ११ ची रोड कॅसेट बसणार नाही, ११ चा हब १.८५ मिमी लांब असतो.

ब्रेक पॅड कार्बनचे वेगळे घ्या. अॅल्युमिनियम रिमवर वापरलेले पॅड कार्बनवर लावू नका, त्यात रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात. नवी रिम जुनीपेक्षा रुंद असेल तर केबल सैल करून पॅडमधले अंतर वाढवा आणि चाक घालून पॅड टायरला लागत नाहीत ना ते बघा. चाके बदलली की दर वेळी हे आलेच, म्हणून केबलची जागा मार्करने खूण करून ठेवा.

५० मिमीच्या रिमला ४८ मिमीचा व्हॉल्व्ह बाहेर येत नाही. ७० ते ८० मिमीच्या व्हॉल्व्हची ट्यूब घ्या, सीटखालच्या पिशवीतली सुटी ट्यूबही तेवढ्याच व्हॉल्व्हची. सोबत टायर लिव्हर आणि १६ ग्रॅमचे दोन सीओ२ सिलिंडर (टायर झटकन फुगवायला). बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर संघ बाद होऊ शकतो, म्हणून हा टायर या रिमवरून हातांनी निघतो आणि चढतो का, हे घरीच एकदा करून बघा. काही कार्बन रिमवर नवा टायर इतका घट्ट बसतो की लिव्हरशिवाय हलत नाही.